कागद उत्तीर्ण, काळीज अनुत्तीर्ण

(कारखान्यांतील वार्षिक वैद्यकीय तपासणीच्या पार्श्वभूमीवर वाळूज औद्योगिक वसाहतीतील कामगार बंधू-भगिनी व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन. वक्ते अनेक वर्षे याच परिसरात वैद्यकीय सेवा करीत आहेत.)



पहिल्या पाळीतून सुटून, घरी न जाता थेट येथे आलेले बरेच जण मला समोर दिसत आहेत. तुमच्या विश्रांतीची वेळ मी घेतो आहे याची मला जाणीव आहे. म्हणून पाल्हाळ न लावता मूळ विषयालाच हात घालतो.

येत्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी अनेकांची वैद्यकीय तपासणी होणार आहे. ती जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. 'डॉक्टरसाहेब, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. मेडिकलपर्यंत खाली येईल ना?' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. सहा ते आठ आठवड्यांत ते पुष्कळ अंशी खाली आणता येते. परंतु कशासाठी आणायचे, कोणत्या मार्गाने आणायचे आणि तपासणी झाल्यावर पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याबरोबर दिली गेली नाहीत, तर ते 'होय' घातक ठरते. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि त्या चुकीपासूनच आज आरंभ करणार आहे.

गोष्ट 2010 सालची. गंगापूर तालुक्यातील एका खेड्यातून आलेले एक गृहस्थ येथल्या एका लहान कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार होते. वय 36. त्यांचे नाव मी सांगणार नाही, कारखान्याचेही नाही. कायम होणाऱ्यांची यादी लागायची होती आणि तत्पूर्वी वैद्यकीय तपासणी होती. धास्तीने त्यांनी आधीच एका प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतले होते. एकूण कोलेस्टेरॉल 248, ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल 38. अंगकाठी सडपातळ, तंबाखूची सवय, आणि वडील पन्नाशीच्या आतच छातीत कळ येऊन गेलेले. ते म्हणाले, 'साहेब, एवढा रिपोर्ट नॉर्मल येऊ द्या. पुढचं पुढं बघू.'

मी गोळी लिहून दिली. 'ही बंद करू नका' असेही म्हणालो. पण पुढच्या रुग्णाला हाक मारता मारता म्हणालो. सहा आठवड्यांनी त्यांची तपासणी झाली. एकूण कोलेस्टेरॉल 176 आले. कायम झाल्याचे पत्र हाती पडले आणि ते पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केले. पण गोळ्या चालू आहेत का, हे मात्र विचारले नाही. त्यांनी त्या तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी बंद केल्या होत्या. पाच वर्षांनी, तिसऱ्या पाळीत, पहाटेच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली. सहकाऱ्यांनी क्षणाचाही विलंब न लावता शहरातील रुग्णालयात नेले म्हणून जीव वाचला. परंतु हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा दुबळा झाला.

त्यांचा कागद उत्तीर्ण झाला होता, काळीज अनुत्तीर्ण झाले होते. आणि त्या कागदावर मीही समाधान मानले होते.

कोलेस्टेरॉल हा शत्रू नव्हे

कोलेस्टेरॉल हे विष आहे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती खरी नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. पित्तरस, अनेक संप्रेरके आणि 'ड' जीवनसत्त्व यांच्या निर्मितीला ते लागते. त्याचा मोठा भाग आपले शरीर स्वतःच, मुख्यतः यकृतात, तयार करते. म्हणूनच 'मी तर माळकरी आहे, मला कोलेस्टेरॉल कसे?' या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. ते केवळ ताटातून येत नाही.

ते रक्तात विरघळत नसल्यामुळे प्रथिनांच्या वाहनांतून फिरते. एलडीएल हे वाहन कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवते; त्याची संख्या फाजील झाली की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू लागते. एचडीएल हे परतीचे वाहन. ट्रायग्लिसराइड ही वेगळी चरबी; फाजील साखर, मैदा, मद्य आणि बैठे जीवन यांमुळे ती वाढते.

ज्या 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि ज्वारी-बाजरीच्या या शिवाराचे रूप पालटले, त्याच वर्षी मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील एलडीएल उचलून आत घेणारे ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात, आणि काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असतात, हे त्यांनी दाखवून दिले. अशा घराण्यांत ऐन तारुण्यात, क्वचित बालपणीही, हृदयविकार होतो. सुमारे 250 ते 300 माणसांमागे एकाला हा दोष एका पालकाकडून मिळालेला असतो. म्हणून ज्यांचे एलडीएल 190 च्या पुढे आहे, त्यांनी केवळ पथ्यावर विसंबून राहू नये. त्यांना औषध लागतेच, आणि त्यांच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागते.

तुमच्यापैकी अनेक जण शेतकरी कुटुंबांतले आहेत. ठिबकच्या नळीत क्षार साचून ती चोंदते, तसे रक्तवाहिनीचे होते, असे आपण समजतो. ही उपमा अर्धीच खरी आहे. कोलेस्टेरॉल नळीच्या पोकळीत नव्हे, तर भिंतीच्या आत साचते. तेथे गळवासारखा एक भाग तयार होतो. एखाद्या दिवशी त्याचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. त्यामुळे आदल्या दिवशी पूर्ण पाळी भरलेला, शिडी चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोसळू शकतो. 'मला काही त्रास नाही' हे वाक्य या रोगात निरर्थक आहे. वेदना ही येथे पहिली सूचना नसते. बहुधा ती शेवटची असते. पहिली सूचना देतो तो रक्ताचा अहवाल. तोच आपण रंगसफेदी करून घेतला, तर सूचना देणारे दुसरे कोणी उरत नाही.

सडपातळ अंगकाठीचा भ्रम

येथे पुण्याच्या एका संशोधकाचा उल्लेख केला पाहिजे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. छायाचित्रात दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबीयुक्त, ही आपल्या लोकांची ठेवण आहे आणि ती विशेषतः पोटात साठते. म्हणून काट्यावरच्या वजनापेक्षा कमरेचा घेर आपल्याला अधिक खरे सांगतो. पुरुषांचा 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटर ओलांडला की सावध व्हावे.

52 देशांत झालेला 'इंटरहार्ट' हा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यातील दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका सरासरी वयाच्या 53 व्या वर्षी आला होता. इतर देशांतील रुग्णांना सुमारे 59 व्या वर्षी. जी सहा वर्षे आपण आधी गमावतो, ती घरात मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घरकर्जाचे हप्ते चालू असण्याची वर्षे आहेत.

'आम्ही दिवसभर उभे असतो, आम्हांला व्यायाम कशाला?' असेही मला विचारले जाते. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या चालक-वाहकांचा अभ्यास 1953 साली प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा आसनावर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक होता. संस्था एक, पगार जवळपास सारखा, फरक हालचालीचा. संगणकीकृत यंत्रासमोर आठ तास उभे राहणे हा थकवा आहे, व्यायाम नव्हे. पाय दुखतात, पण हृदयाची गती वाढत नाही.

सहा ते आठ आठवड्यांत काय साधते?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तपासणीला दोन महिने उरले आहेत. काय करावे?

पहिली गोष्ट, आपला जुना अहवाल शोधा आणि तो घेऊन डॉक्टरांना भेटा. एकूण कोलेस्टेरॉलवर थांबू नका. एकुणातून एचडीएल वजा करा. जी संख्या उरते, ती सर्व घातक वाहनांची बेरीज होय. त्या गृहस्थांच्या अहवालात ती 248 उणे 38, म्हणजे 210 होती. ती 130 च्या आत हवी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 साली भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल 100 च्या आत, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या अधिक धोक्याच्या व्यक्तीचे 70 च्या आत, आणि झटका येऊन गेलेल्याचे 55 च्या आत असावे. म्हणजे एकच आकडा सर्वांना 'नॉर्मल' नसतो. थायरॉइडची ग्रंथी मंद असली तरी कोलेस्टेरॉल वाढते; तेथे उपचार थायरॉइडचा करावा लागतो. तोही तपासून घ्या.

दुसरी गोष्ट तेलाची. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचवलेल्या 2000 उष्मांकांच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम धरले आहे. माणशी महिन्याला 810 ग्रॅम, चौघांच्या घराला सुमारे साडेतीन लिटर. भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपल्याकडे महिन्याला किती पिशव्या फुटतात, हे मोजा. उत्तर तुम्हांला स्वतःलाच मिळेल.

तेल किती, याइतकेच ते कोणते, हेही महत्त्वाचे. पाम तेलाचा जवळपास निम्मा भाग संपृक्त चरबीचा असतो आणि हीच चरबी एलडीएल वाढवते. वनस्पती तूप, खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटे, गाड्यावरचे वडे-समोसे यांतून ती आपल्या पोटात जाते. आपला मराठवाडा तर करडईचा प्रदेश. रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी पेरणारे आपले आजोबा होते आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाण विकसित केले. करडईच्या तेलात संपृक्त चरबी फक्त दहा टक्क्यांच्या आसपास असते. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल, मोहरी हीही आलटून पालटून वापरावीत. मात्र चांगले तेल म्हणून ते हात सैल सोडून ओतायचे नाही.

तिसरी गोष्ट, ताटात भर घालण्याची. विरघळणारे तंतुमय पदार्थ आतड्यातील पित्त बांधून बाहेर नेतात. मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. मटकी, हरभरा, राजमा, गवार, भेंडी, पेरू आणि इसबगोल यांत असे तंतू असतात. ज्वारीची भाकरी, साल्यासकट डाळ, जवसाची चटणी आणि मूठभर शेंगदाणे हे आपल्या घरातले जेवण टाकून देऊन पाकिटातले पदार्थ 'प्रगती' म्हणून आपण आणले. ते परत आणायला पैसे अधिक लागत नाहीत. फक्त डब्यासाठी पहाटे उठणाऱ्या गृहिणीला घरातील इतरांनी हातभार लावावा लागतो.

चौथी गोष्ट, चालण्याची. आठवड्याला किमान 150 मिनिटे, धाप लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. बजाजनगरापासून आपल्या छोट्या पंढरपुरापर्यंत आषाढीला आपण भक्तिभावाने चालतो. ते चालणे वर्षभर, थोडे थोडे, झाले पाहिजे. याने ट्रायग्लिसराइड व पोटाचा घेर उतरतो. एलडीएल मात्र थोडेच उतरते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पाचवी गोष्ट, तंबाखू आणि मद्य. तंबाखू मळलेली असो वा बिडीतली, ती रक्तवाहिनीला इजा करते. मद्याने ट्रायग्लिसराइड भडकते. या दोहोंना 'थोडेसे' हे प्रमाण मी सांगणार नाही.

हे सारे नेटाने केले, तर किती फरक पडतो? संपृक्त चरबी कमी केल्याने आणि तंतुमय आहार वाढवल्याने एलडीएल साधारणतः दहा ते वीस टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. कोणाचे कमी, कोणाचे अधिक. म्हणजे 130 असेल, तर 110 च्या आसपास येईल. 168 असेल, तर पथ्याने ते 100 वर येणे कठीण. हा तुमच्या प्रयत्नांचा दोष नव्हे. यकृताची घडण प्रत्येकाची निराळी असते.

जे करू नये

तपासणीपूर्वी आठवडाभर उपाशी राहणारे मी पाहिले आहेत. उपासमारीने अहवाल विश्वासार्ह राहत नाही आणि यंत्रावर चक्कर आली तर बोट जाते. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा आणि तळलेले वेफर्स खाणाऱ्यांना आपली जुनी म्हण ठाऊकच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. दुसऱ्याचे रक्त आपल्या नावावर देणे ही तर स्वतःशीच केलेली फसवणूक. ताप येऊन गेला असेल, तर कोलेस्टेरॉल तात्पुरते खोटे कमी दिसते. तेव्हा तपासणी काही आठवडे पुढे ढकलून घ्यावी.

आदल्या दिवसांत एवढेच करा. दोन-तीन दिवस मद्य नको. उपाशीपोटी तपासणी सांगितली असेल, तर दहा-बारा तास अन्न नको. पाणी मात्र प्यावे. रक्त देण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. रोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत आणि कोणत्या चालू आहेत, हे लपवू नये. आता बहुतेक वेळा उपाशी न राहताही ही तपासणी करता येते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आढळल्यास उपाशीपोटी पुन्हा करतात. तिसरी पाळी करून सकाळी रक्त देणाऱ्यांनी हे मुद्दाम सांगावे. आणि एका अहवालावरून हुरळून वा खचून जाऊ नये. एकाच माणसाचा आकडा काही दिवसांच्या अंतराने पाच-दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे होतोच.

गुग्गुळ आणि गोळी

'इंग्रजी गोळी नको, आपल्या आयुर्वेदातले काही सांगा,' असे अनेक जण म्हणतात. आपल्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल माणसाच्या व्याधींचा आणि घटणाऱ्या आयुष्याचा विचार आला आहे. गुग्गुळाच्या मेदोहर गुणाच्या जुन्या वर्णनावरून 1960 च्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले, आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्याचे औषध विकसित केले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे जी काटेकोर चाचणी झाली, तिच्यात गुग्गुळाने एलडीएल उतरले नाही. उलट किंचित वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आपल्या ऋषींनी आपल्याला निरीक्षण शिकवले, आंधळेपणा नव्हे. परंपरेचा खरा मान राखायचा, तर जे प्रयोगात टिकले नाही, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वैद्यांचा सल्ला जरूर घ्या. परंतु एलडीएलचा आकडा पुन्हा मोजून पाहा आणि धोका मोठा असेल तेव्हा सिद्ध झालेले औषध टाळू नका.

ज्याला आपण इंग्रजी गोळी म्हणतो, तिचा उगमही एका आशियाई कोठारात झाला आहे. जपानचे डॉ. अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशींची पारख केली. त्यांतील क्योतोच्या एका धान्य दुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीत त्यांना 1973 साली यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. स्टॅटिन गटाची ती पहिली ओळख. एंडो 2024 साली, नव्वदीत, निवर्तले. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत आधीच हृदयविकार असलेले 4444 रुग्ण होते. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात 256 मृत्यू झाले, तर औषध घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच गटात 182. हा चौऱ्याहत्तर घरांचा हिशेब आहे.

परंतु ही गोळी मित्राच्या डब्यातून उसनी घ्यायची नाही. यकृत, मूत्रपिंड, इतर औषधे पाहून मात्रा ठरते. काहींचे स्नायू दुखतात. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, मात्रा वा औषध बदलता येते. गरोदर भगिनींना ती सहसा देत नाहीत. तिचा परिणाम चार ते सहा आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि बंद केल्यावर काही आठवड्यांतच आकडा मूळपदावर येतो. म्हणून 'मेडिकलपुरती गोळी' या शब्दप्रयोगाला काहीच अर्थ नाही. जनऔषधी केंद्रात ती अल्प किमतीत मिळते. पैशाची सबबही फारशी उरत नाही.

दोन शब्द व्यवस्थापनासाठी

ही लपवाछपवी कामगार हौसेने करीत नाही. 'रिपोर्ट खराब आला तर काम जाईल' ही भीती त्याच्या मागे असते. समोर काही कारखान्यांचे अधिकारी बसले आहेत. त्यांना माझी नम्र विनंती आहे. कोलेस्टेरॉल वाढले म्हणून प्रेस चालवता येत नाही, असे वैद्यकशास्त्र मुळीच म्हणत नाही. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची बारा महिन्यांच्या आत नियमित तपासणी सांगितली होती, ती त्यांच्या संरक्षणासाठी. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांच्या वेळी केंद्र सरकारने 40 वर्षांवरील कामगारांच्या वार्षिक विनामूल्य तपासणीचे आश्वासन दिले, तेही संरक्षणासाठीच. तपासणी ही चाळणी नव्हे. ती ढाल आहे. अहवाल कामगाराच्या हाती द्या, तो गोपनीय राखा, वाढलेल्या आकड्यावर कोणाचेही काम अडवणार नाही, हे सूचना फलकावर स्पष्ट लिहा. आणि आपल्या कॅन्टीनची कढई एकदा पाहून या. वारंवार तापवलेल्या तेलातील घातक घटक 25 टक्क्यांहून अधिक झाले, तर ते वापरण्यास 1 जुलै 2018 पासून देशात मनाई आहे. यंत्राचे तेल वेळेवर बदलणाऱ्यांना कढईतले तेल बदलणे अवघड नसावे.

समारोप

बंधू-भगिनींनो, त्या गृहस्थांकडे पुन्हा येतो. ते आजही माझ्याकडे येतात. गोळी नियमित घेतात, तंबाखू सुटली आहे, हलक्या कामावर आहेत. जिने मात्र थांबत थांबत चढतात. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात आले, तेव्हा त्यांनी मला विचारले, 'साहेब, तेव्हा माझा रिपोर्ट खराबच आला असता, तर बरं झालं असतं का हो?'

माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. आज आहे. रिपोर्ट चांगला आला, हे वाईट झाले नाही. तो कशामुळे चांगला आला, हे आपण दोघेही विसरलो, हे वाईट झाले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. तपासणीसाठी गोळी मागायला येणाऱ्याला मी तपासणीनंतरची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहून देतो, आणि शक्य असेल तर ती त्याच्या पत्नीला किंवा आईलाही सांगतो.

तेव्हा येत्या तपासणीसाठी जरूर तयारी करा. पथ्य करा, चाला, गरज असेल तर औषध सुरू करा. आकडा खाली आला की आनंदही माना, पेढेही वाटा. फक्त एखादाच खा. पण तपासणीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आदल्या दिवसासारखीच असू द्या. तीच भाकरी, तेच चालणे, तीच गोळी. कारखान्याला तुमचा अहवाल वर्षातून एकदा लागतो. तुमच्या घराला तुम्ही रोज लागता.